वेणी घालताना खांदा दुखतो तेव्हा

मी तालुक्याच्या गावी व्यायामोपचाराचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायका खांदा दुखतो असं सहसा म्हणत नाहीत. त्या म्हणतात, वेणी घालता येत नाही, वरचा डबा काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

एका काकूंनी दिवाळीआधी घराला चुना दिला, तेव्हापासून त्यांचा खांदा धरला. सहा महिने त्या दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या. गोळीनं बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की त्या पुन्हा तीच कामं करायच्या. घोटाळा इथेच होतो.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा गोळा. त्याला चार स्नायू धरून ठेवतात. स्नायू हाडाला चिकटतो तिथे दोरीसारखा चिवट होतो, त्याला टेंडन म्हणतात. आपण दोरीच म्हणू. वरची दोरी हाडाखालच्या अरुंद फटीतून जाते. हात डोक्याच्या वर नेला की ती तिथे दाबली जाते. दोऱ्यांना रक्तही कमी मिळतं, म्हणून त्या सावकाश भरून येतात.

दोरीला इजा झाली की शरीर तिथे जादा रक्त आणि दुरुस्तीच्या पेशी पाठवतं. त्यामुळे सूज येते, ठणकतं. घरात गवंडी आला की पसारा होतो, तसंच हे. ही सूज वाईट नाही. पण रोज नवी इजा झाली तर गवंड्याचं काम संपतच नाही. बारीक सूज रेंगाळते, नवे धागे वेडेवाकडे विणले जातात आणि दोरी विहिरीच्या जुन्या दोरासारखी विसविशीत होते. अशा दोरीला नुसती सूज उतरवणारी गोळी पुरत नाही. ती तुटली आणि तशीच वर्षानुवर्षं राहिली, तर गोळा वर सरकून हाडाला घासू शकतो आणि सांध्याची गादी झिजते. पण साठीनंतर पुष्कळांच्या दोरीला लहान चीर असते आणि काही दुखतही नाही. तेव्हा नुसता रिपोर्ट पाहून घाबरू नका.

याच्या उलट चूकही बायका करतात. दुखतं म्हणून हात महिनोन्महिने छातीशी धरून ठेवायचा. त्यानं खांदा आखडत जातो. खांदा जखडण्याचं एक वेगळं दुखणंही आहे. त्यात सांध्याभोवतालचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आकसतं. ते चाळिशी ते साठीत जास्त, बायकांमध्ये जास्त, आणि साखरेचा आजार असेल तर फारच जास्त. ओळखायचं कसं? दुसऱ्या कुणी हलकेच हात उचलून पाहावा. दोरीच दुखावली असेल तर दुसऱ्याच्या आधारानं हात बहुधा वर जातो, जखडलेला जात नाही. जखडला असेल तर साखर तपासून घ्या.

पहिले काही दिवस वर हात करायची कामं आणि ओझं बंद ठेवा, हात नव्हे. वाकून चांगला हात टेबलावर टेकवा, दुखरा हात सैल सोडून झोपाळ्यासारखा हलवा. पुढे भिंतीवर बोटं चालवत हात सोसेल तितका वर न्या. दोरीत जोर भरायचे व्यायाम मात्र शिकून घ्या, त्याला काही महिने लागतात. जोरानं चोळून घेऊ नका. सुजेवरचं इंजेक्शन एखादं कामाला येतं, वारंवार घेतलं तर दोरी आणखी कमजोर होते. रोजच्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

पडल्यावर हात उचलताच येत नसेल, किंवा खांदा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खांदादुखीबरोबर घाम, धाप, छातीत जडपणा असेल तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा १०८ ला फोन करा.

त्या काकूंनी आता फळीवरचे डबे खाली आणलेत. धुणं एकदम न करता दोन वेळा करतात. वेणी अजून लेक घालून देते, पदर मात्र त्या स्वतः घेतात.