पडद्यावरची तुळस, अंगणातील तुळस

(भंडारा जिल्ह्यातील कुटुंब प्रबोधनविषयक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दूरचित्रवाणी आणि संस्कार हा विषय निघाला की सभागृहात दोन प्रकारचे सुस्कारे ऐकू येतात. 'काय दिवस आले!' हा पहिला आणि 'मालिकेची वेळ झाली, भाषण कधी आटोपणार?' हा दुसरा. पुष्कळदा हे दोन्ही सुस्कारे एकाच मुखातून बाहेर पडतात. परंपरेचा अभिमान बाळगणारा प्रेक्षक आज या कोंडीत सापडला आहे. त्याची तक्रार खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. ती पूर्ण कशी करता येईल, याचा आज विचार करायचा आहे.

रविवारची ती सकाळ

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवार सकाळचे रस्ते ओस पडू लागले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता. विभाजन झाले ते १ मे १९९९ रोजी. संच गावात मोजक्या घरी असत आणि ज्याच्या घरी संच, त्याची ओसरी त्या तासापुरती साऱ्या आळीची होई. संचाला हार घालणारी, उदबत्ती लावणारी घरे देशभर होती. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' आले. त्याचे संवाद लिहिले डॉ. राही मासूम रझा यांनी. व्यासांच्या कथेशी त्यांनी राखलेले इमान आजही दाद घेऊन जाते. कलाकृती पारखताना कर्त्याचे नाव पाहायचे नसते, विषयावरची त्याची निष्ठा पाहायची असते, हा धडा त्या मालिकेने दिला.

त्या मालिकांचे तंत्र आजच्या तुलनेत बाळबोध होते. तरीही २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, तेव्हा नातवंडे आजी-आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसली. या यशाचे श्रेय कथेला आहेच. पण दोन गोष्टी आणखी होत्या. कार्यक्रम सर्वांनी मिळून पाहिला जाई आणि तो संपला की संच बंद होई. पाहण्याला मर्यादा होती, म्हणून पाहिलेल्यावर बोलायला वेळ होता.

वेश संस्कृतीचा, आशय कोणाचा?

३ जुलै २००० रोजी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. नोव्हेंबर २००८ पर्यंत तिचे अठराशेहून अधिक भाग झाले आणि २०२५ मध्ये ती नव्या पर्वासह परतली. मराठीत 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू होऊन २०१३ पर्यंत चालली. तिने तीन हजारांहून अधिक भागांचा टप्पा ओलांडला. या मालिकांत देवघर होते, तुळशीवृंदावन होते, मंगळसूत्र होते, सणवार होते. परंपरानिष्ठ प्रेक्षक हरखला. आपली संस्कृती पडद्यावर आली, असे त्याला वाटले.

खरी फसगत येथेच झाली. उत्तान दृश्य आले की घरातला वडीलधारा माणूस चटकन उठून वाहिनी बदलतो. तो धोका ओळखू येतो. परंतु शालू नेसून, कुंकू लावून, आरतीचे तबक हाती घेऊन एक जाऊ दुसऱ्या जावेच्या संसाराला सुरुंग लावते, तेव्हा कोणी उठत नाही. वारसाहक्काची कारस्थाने, विवाहबाह्य संबंध, मेलेल्या पात्रांचे पुनरागमन हे सारे संस्कृतीचा शेला पांघरून घरात आले. यात कलावंतांचा उपमर्द करण्याचे कारण नाही. तुळशीची भूमिका साकारणाऱ्या स्मृती इराणी पुढे केंद्रीय मंत्री झाल्या. प्रश्न अभिनयाचा नसून त्यामागच्या लेखनाचा आहे.

आता या चित्राशेजारी भंडारा जिल्ह्याचे घर ठेवून पाहावे. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू होते, तेव्हा सासू आणि सून एकाच बांधीत, एकाच चिखलात उभ्या राहून परे रोवतात. त्यांच्यातही कुरबुर असते. पण संध्याकाळी चूल दोघींनाच पेटवायची असते. श्रमाची ही भागीदारी मालिकेत औषधालाही सापडत नाही. तेथे कोणी शेतात जात नाही, कोणी नळावर रांग लावत नाही. आंधळगावच्या विणकराचा कोसाही त्या नायिकांच्या अंगावर दिसत नाही. मालिकेने स्त्रीचे कपाट भरले आणि तिच्या हातातले काम काढून घेतले. काम नसलेल्या माणसांना कारस्थानाशिवाय दुसरे काय सुचणार?

सरसकट सारेच त्याज्य होते असेही नाही. 'आभाळमाया', 'वादळवाट' यांनी मध्यमवर्गीय घर प्रामाणिकपणे रंगवले. २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती' आली आणि शिवचरित्र घराघरांत पोहोचले. चांगले दिले तर प्रेक्षक ते पाहतो, हे यातून सिद्ध झाले.

ज्यांची मोजणीच झाली नाही

मग चांगले कमी का? वाहिनीला पैसा जाहिरातीतून मिळतो आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. ही संख्या निवडक घरांत बसवलेल्या मापकयंत्रांवरून काढली जाते. या मालिकांचा सुवर्णकाळ होता, त्या वर्षांत ही यंत्रे शहरी घरांत होती. ग्रामीण भारताचे मापन 'बार्क' या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केले. म्हणजे लाखांदूर वा पवनी तालुक्यातील खेड्यात कोण काय पाहते आणि कशावर नाक मुरडते, याची नोंद त्या काळी कोणाच्याही दफ्तरी नव्हती. 'लोकांना हेच हवे असते' असे निर्माते सांगत, तेव्हा त्या 'लोकां'त खेड्यातला शेतकरी धरलेलाच नव्हता.

तक्रारीलाही मार्ग आहे. केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ मधील सहाव्या नियमात कार्यक्रमसंहिता आहे. अभिरुचीला व सभ्यतेला बाधा आणणारे, स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे कार्यक्रम तिने निषिद्ध ठरवले आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने तक्रारनिवारणाची त्रिस्तरीय व्यवस्था आली. तिची पहिली पायरी स्वतः वाहिनीच आहे. २००९ मध्ये 'सच का सामना' या कार्यक्रमावरून राज्यसभेत आवाज उठला, मंत्रालयाने नोटीसही बजावली. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने बंदीच्या याचिकांत हस्तक्षेप केला नाही. बोध एवढाच की, घोषणेपेक्षा भाग, दिनांक आणि दृश्य नमूद केलेला अर्ज अधिक उपयोगी पडतो. असे अर्ज आपल्यापैकी किती जणांनी केले?

आपल्या मांडवात काय चालते?

येथवरचे बोट मुंबईकडे होते. आता ते स्वतःकडे वळवायला हवे.

झाडीपट्टीला करमणुकीसाठी कधी मुंबईचे तोंड पाहावे लागले नाही. दिवाळी झाली, गायगोधन झाले की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, शाहिरांची खडी गंमत रात्रभर रंगते. झाडीपट्टीचे नाटक दिवाळीपासून होळीपर्यंत चालते. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीचा सन्मान झाला. दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, तरी ही रंगभूमी तगली. कारण येथे प्रेक्षक यजमानही असतो.

परंतु त्याच २०२३ च्या मंडईच्या हंगामात तुमसर तालुक्यातील एका गावच्या 'डान्स हंगामा'ची अश्लील चित्रफीत सर्वदूर फिरली, गुन्हे दाखल झाले आणि जिल्ह्याची मान खाली गेली. तो मांडव कोणत्या वाहिनीने घातला नव्हता. वर्गणी गावची, जागा गावची, टाळ्या गावच्या! पुढच्या रांगेत बसलेल्यांच्या घरी त्याच रात्री 'मालिकांनी मुले बिघडली' अशी चर्चा झाली असेल, तर ती मुलांनी का ऐकावी? दंडारीच्या शाहिराला बिदागी देताना ज्यांचा हात आखडतो, त्यांचाच हंगाम्याच्या पार्टीसाठी सैल सुटतो. संस्कृती लयाला जाते ती बाहेरच्या आक्रमणाने जितकी, तितकीच घरच्या कंजूषपणाने.

म्हणून रूढिप्रिय प्रेक्षकाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. घरात रात्रीच्या जेवणाचा एक तास संच आणि मोबाइल दोन्ही बंद राहावेत. हा नियम आधी वडिलांना लागू व्हावा, मग मुलांना. खटकलेल्या कार्यक्रमाची तक्रार लेखी करावी. आणि गावच्या मंडईची वर्गणी देताना 'यंदा कार्यक्रम कोणता?' हा प्रश्न उघडपणे विचारावा. दंडार असेल तर दुप्पट द्यावी, हंगामा असेल तर हात जोडून नकार द्यावा. हा तिसरा उपाय सर्वांत कठीण आहे. मुंबईच्या निर्मात्यावर टीका केल्याने कोणी रागावत नाही. मंडळाच्या अध्यक्षाला, जो आपलाच चुलतभाऊ असतो, 'नाही' म्हटले तर बोलणे बंद होते. पण निष्ठेची परीक्षा तेथेच होते.

पडद्यावरच्या तुळशीला पाणी घालावे लागत नाही. कळ दाबली की ती टवटवीत उभी असते. अंगणातल्या तुळशीला मात्र रोज कोणीतरी उठून पाणी घालावे लागते. ते पाणी कोण घालणार, याचे उत्तर आज येथून घरी जाताना प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे, एवढीच विनंती.