विषाणूंचा नकाशा आणि लशीची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगराईचा विषय काढणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ‘मागच्या वर्षी फ्लूची लस घेतली, मग यंदा पुन्हा कशासाठी?’ हा प्रश्न घरोघरची वडीलधारी मंडळी विचारतात. त्याच्या उत्तरात आधुनिक विज्ञानातील एक विलक्षण प्रयत्न दडलेला आहे.

देवीचा विषाणू फारसा बदलणारा नव्हता. त्यामुळे एकदा सिद्ध झालेली लस पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली आणि १९८० साली त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित करता आले. इन्फ्लुएन्झाची गोष्ट निराळी. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना वारंवार चुका करतो आणि ज्या चुकांमुळे आपल्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला ओळखीनाशी होतात, नेमक्या त्याच त्याच्या पथ्यावर पडतात.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतील वाणांची शिफारस करते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. लस तयार होण्यास सुमारे सहा महिने लागतात. म्हणजे येत्या हिवाळ्यात कोणता वाण बळावेल, याचा कौल आधीचा हिवाळा सरता सरताच द्यावा लागतो. २०१४ साली तो चुकला. निवडीनंतर ‘एच-३ एन-२’ या जातीचे वेगळे रूप पसरले आणि त्या हंगामात अमेरिकेत लशीची परिणामकारकता अवघी १९ टक्के भरली.

हा कौल अधिक डोळसपणे देता यावा, यासाठी संगणकाची मदत घेतली जाते. ती कशी, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. नागपूर, भोपाळ, बडोदे, हैदराबाद या शहरांमधील सरळ रेषेतील परस्पर अंतरांचे कोष्टक हाती असेल, तर भारताचा नकाशा कधीही न पाहिलेला मनुष्यसुद्धा कंपास घेऊन त्या शहरांची मांडणी कागदावर उतरवू शकेल. विषाणूंचेही तसेच करता येते. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला एका वाणाची लागण करतात आणि त्याच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या वाणाला कितपत रोखतात, हे प्रयोगशाळेत मोजतात. जितका अटकाव कमी, तितके ते दोन वाण एकमेकांपासून दूर. अशा हजारो मोजमापांचा मेळ घालणे हे संगणकाचेच काम.

डेरेक स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली असा नकाशा प्रसिद्ध केला. १९६८ ते २००३ या पस्तीस वर्षांतील ‘एच-३ एन-२’ विषाणू त्यात ११ पुंजक्यांत विभागलेले दिसले. विशेष हे की, विषाणूची जनुके हळूहळू बदलत असली तरी नकाशावर तो टप्प्याटप्प्याने उड्या घेत होता. क्वचित एका अमिनो आम्लाचा बदलही मोठ्या उडीस पुरेसा ठरत होता. २०१४ साली मार्ता लुक्शा आणि मायकेल लेसिग यांनी पुढचे पाऊल टाकले : विषाणूच्या कोणत्या शाखेचा वंश पुढील वर्षी वाढेल, याचे गणिती प्रतिमान त्यांनी मांडले.

तथापि नकाशा झाला तरी तो नमुन्यांवरच उभा असतो. ज्या प्रदेशातून रुग्णांचे नमुने येत नाहीत, तो प्रदेश संगणकाला कोराच दिसतो. आपल्या देशात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था हे काम करते आणि जागतिक जाळ्याशी जोडलेली आहे. एखाद्या रुग्णाच्या घशातून घेतलेला कापसाचा बोळा या साऱ्या गणिताचा पहिला आकडा असतो.

आपण मराठी माणसे देशभर विखुरलेली. म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. भारतातील बहुतेक शहरांत फ्लूची मुख्य लाट पावसाळ्यात येते, तर श्रीनगरला ती हिवाळ्यात येते. चेन्नईच्या भावाला लागू पडणारा लशीचा महिना काश्मिरातील बहिणीला लागू पडेलच असे नाही. तेव्हा कोणती लस, कोणत्या महिन्यात, हे आपापल्या गावच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मात्र गतवर्षीची लस यंदाही पुरेल, असे मानू नये. कारण आपण जागच्या जागी असलो, तरी विषाणू नकाशावर पुढे सरकलेला असतो.