आठ महिन्यांची भाजी



कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांपैकी काहीतरी कानांवर येणार, अशा तयारीनेच आपण बसला असाल. आज आम्ही एका भाजीविषयी बोलणार आहोत. तिचे नाव सेलेरिअ‍ॅक. जर्मन लोक तिला क्नोलनसेलेरी म्हणतात. आपल्या मंडईत ती सहसा दिसत नाही. तथापि ती आपल्याला अगदीच परकी आहे असेही नाही. काष्ठौषधींच्या दुकानात अजमोद म्हणून जे बी मिळते, ते पुष्कळदा याच वनस्पतीचे असते. कोथिंबीर, जिरे, बडीशेप, गाजर ही सारी तिच्याच कुळातली मंडळी. या वनस्पतीचा एक प्रकार पानांसाठी लावतात, दुसरा जाड देठांसाठी, आणि तिसऱ्याचा बुंधा फुगून नारळाएवढा गड्डा होतो. तो तिसरा प्रकार म्हणजे सेलेरिअ‍ॅक. दिसायला मात्र सुरणाच्या वरताण ओबडधोबड!

काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामासाठी लाइपझिग शहरी जाण्याचा आम्हांस योग आला. सप्टेंबर महिना होता. तेथे एक निवृत्त कामगार भेटले. चाळीस वर्षे लेथवर उभे राहिलेले गृहस्थ. त्यांनी आम्हांला आपल्या बागेत नेले. दुभाषी शेजारी बसवून दोन तास त्यांनी या एका गड्ड्याची हकीकत सांगितली, आणि आम्ही वहीत टिपून घेतली.

हे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वर दाणे भरतात. फेब्रुवारीच्या अखेरीस, बाहेर अजून बर्फ असते तेव्हा, घरात खिडकीशी उथळ पेटीत ते पेरतात. पेरतात म्हणजे मातीवर टाकून हलक्या हाताने दाबतात. वरून माती लोटायची नाही, कारण या बियाला रुजण्यासाठी उजेड लागतो. आपण मेथी-धण्यासारखे ते मातीआड केले, तर वाट पाहत बसावे लागेल. खोलीत ऊब हवी, वीस अंशांच्या आसपास. पाणी झारीने घातले तर बी वाहून जाते, म्हणून बारीक फवारा. असे दोन-तीन आठवडे. एवढे दिवस पेटीत नुसती माती दिसते, आणि नवखा माणूस बी खराब निघाले म्हणून दुकानदाराला शिव्या देतो. मग हिरवे केस उगवावेत तसे कोंब दिसतात. खरे पान फुटले की एकेक रोप उचलून निराळ्या लहान कुंडीत लावावयाचे.

पुढची अडचण थंडीची. कोवळ्या रोपाने आठ-दहा दिवस सलग दहा अंशांखालची थंडी खाल्ली, की एक हिवाळा होऊन गेला अशी त्याची समजूत होते. मग ते गड्डा धरण्याऐवजी फुलाचा दांडा वर काढते. आपले कांदेवाले शेतकरी ज्याला डेंगळे म्हणतात, तोच हा प्रकार. म्हणून जर्मन माळी मेच्या मध्यापर्यंत रोपे बाहेर लावीत नाहीत. ११ ते १५ मे या दिवसांना तिकडे हिमसंतांचे दिवस म्हणतात; ते गेले की रात्रीच्या दहिवराची धास्ती सरते. लावताना दोन रोपांत सव्वा फूट अंतर ठेवावयाचे आणि रोपाचा गाभा मातीच्या वर राहू द्यावयाचा. खोल गाडले की गड्डा धरत नाही, नुसत्या मुळ्यांचा गुंता होतो.

यानंतर सारा उन्हाळा पाणी. या झाडाचे रानटी पूर्वज समुद्रकाठच्या दलदलीत वाढणारे; त्याची तहान मोठी. जमीन एकदा कडकडीत वाळली की वाढ अडते आणि मग कितीही पाणी घाला, गेलेले दिवस भरून निघत नाहीत. मुळे वरच्यावर असतात, म्हणून खुरपणीसुद्धा बेताची. खाली लोळणारी जुनी पाने काढतात. पण हिरवी पाने ओरबाडली तर गड्ड्याला पोसणार कोण? गड्डा फुगतो तो मुख्यतः ऑगस्टपासून पुढे. जुलैत बाग पाहिली, तर एवढी मेहनत वाया गेली असेच वाटावे.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न आम्ही त्या गृहस्थांना विचारला : कारखान्यात दिवसभर राबणारा माणूस रोज संध्याकाळी पाणी घालावयाला येणार कधी? आणि फेब्रुवारीत पेरलेले ऑक्टोबरात आपल्याच हाती येईल, याची हमी त्याला कोण देणार?

पहिल्याचे उत्तर नोव्हेंबर १९१८ मध्ये आहे. त्या महिन्यात जर्मनीत आठ तासांचा दिवस मान्य झाला. पुढे त्याला पुष्कळ फाटे फुटले, ती कथा निराळी. दुसऱ्याचे उत्तर ३१ जुलै १९१९ च्या कायद्यात आहे. या लहान बागांचे भाडे मनमानीने वाढवू नये आणि बागवाल्याला वाटेल तेव्हा उठवू नये, असे त्या कायद्याने ठरविले. महायुद्धातल्या उपासमारीत, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, शहरांनी पशूंच्या चाऱ्याच्या सलगमांवर दिवस काढले होते. भाजीचा वाफा हा चैनीचा विषय नाही, हे सरकारला त्या हिवाळ्याने शिकविले असावे.

या बागांना डॉ. श्रेबर यांचे नाव आहे, आणि गंमत अशी की त्यांनी एकही बाग लावली नाही. ते १८६१ साली वारले. पुढे १८६४ मध्ये हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी लाइपझिगमध्ये संस्था काढून तिला त्यांचे नाव दिले, ते मुलांच्या क्रीडांगणासाठी. नंतर गेझेल या शिक्षकांनी कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुले कंटाळली आणि आईबापांनी खुरपी हाती घेतली.

आजचा कायदा १९८३ चा, पश्चिम जर्मनीत झालेला. १९९० च्या एकीकरणानंतर तो लाइपझिगलाही लागला. एका बागेला जास्तीत जास्त चारशे चौरस मीटर, म्हणजे आपले जवळजवळ चार गुंठे. खोपटे चोवीस चौरस मीटरपर्यंत, आणि त्यात कायम बिऱ्हाड करावयाचे नाही. भाडे त्या भागातल्या भाजीपाल्याच्या जमिनीच्या दराच्या चौपटीहून अधिक नाही. आमचे खरे लक्ष वेधले ते नोटिशीच्या कलमाने. भाडेकरूचा काही दोष नसता मालकाला जमीन परत हवी असेल, तर त्याने फेब्रुवारीच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोटीस द्यावयाची, आणि जमीन सोडावयाची ती ३० नोव्हेंबरला. लावलेल्या झाडांची भरपाई वेगळी. सार्वजनिक कामाची तातडी असेल तर याहून लवकरही उठविता येते, हे आम्ही लपवीत नाही. पण एरवी बियाची पुडी फोडण्यापूर्वी माणसाला कळते, की यंदाचा गड्डा आपला आहे.

आम्हांला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. एका कारखान्याच्या वसाहतीत आम्ही संघटनेचे काम करीत होतो. चाळींच्या मागे पडीक जागेत बायकांनी वांगी, मिरच्या, घेवडा लावला होता. धुण्याचे पाणी वाया न घालवता तेच घालीत. एके दिवशी जागा मोकळी करण्याची नोटीस लागली, मुदत आठ दिवसांची. वांगी फुलावर होती. आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो आणि काय मागितले? आणखी सहा आठवडे! ते म्हणाले, “अहो, भाजीसाठी का कुणी मुदत मागतो?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. मजुरीचे, पाळीचे, रजेचे करार आम्हांला तोंडपाठ होते. वांग्याला किती दिवस लागतात हे कराराच्या मसुद्यात लिहावे असे आम्हांलाही सुचले नव्हते. नवव्या दिवशी जागा सपाट झाली. पुढे ती वर्षानुवर्षे तशीच पडून होती.

असो. ऑक्टोबरात, कडक थंडी पडण्यापूर्वी, गड्डे उपटतात. न धुता, मधली कोवळी पाने राखून बाकीची पिळून काढतात आणि तळघरात ओलसर वाळूत पुरतात; तेथे ते वसंतापर्यंत टिकतात. सोललेला तुकडा हवेने काळवंडतो, म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकावयाचा. गाजर आणि लीक नावाच्या कांद्याच्या भावंडाबरोबर तो सुपात जातो. जाड चकत्या उकडून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळल्या की मटणाच्या कटलेटची हौस भागते. लेथवाल्या गृहस्थांच्या घरी आम्हांला त्याच वाढल्या. त्या आदल्या वर्षीच्या नव्हेत बरे का! नवे गड्डे अजून लहान होते, तरी पाहुण्यासाठी त्यांनी एक महिनाभर आधीच उपटला होता.