हमामात न गेलेला चित्रकार



दीक्षान्त भाषणात उपदेश करायची रीत आहे. माझा जन्म चित्रकलेचा इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे मला फार तर एखादं चित्र दाखवता येईल. इथे पडदाही नाही, तेव्हा सांगूनच दाखवतो.

पॅरिसच्या लूव्रमध्ये साडेतीन फूट व्यासाचं एक गोल चित्र आहे, ‘तुर्की हमाम’. वीसहून अधिक विवस्त्र बायका त्यात दाटीवाटीनं बसल्यात, लवंडल्यात. चित्रकार अँग्र, साल १८६२. सहीशेजारी त्यानं लॅटिनमध्ये स्वतःचं वयही ठसक्यात नोंदवलंय : ब्याऐंशी.

हा गृहस्थ तुर्कस्तानात कधी गेला नव्हता. गेला असता तरी बायकांच्या हमामाच्या उंबऱ्यावरूनच त्याला परत फिरावं लागलं असतं. मग हे पाहिलं कुणी? लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या बाईनं. नवरा ऑटोमन दरबारातला ब्रिटिश राजदूत. १७१७ मध्ये प्रवासात ती सोफियाच्या हमामात गेली आणि तिथली हकीकत तिनं पत्रात लिहिली. त्या पत्रांतले उतारे अँग्रनं आपल्या वहीत उतरवून घेतले होते.

तिच्या हमामात बायका कॉफी पितायत, सरबत पितायत, दासींकडून वेण्या घालून घेतायत आणि गावभरच्या बातम्या एकमेकींना सांगतायत. म्हणजे आपल्याकडे नदीवर धुणं धुताना व्हायचं, तेच. प्रवासी पोशाखातल्या या परक्या बाईला कुणी हसलं नाही, हे तिनं मुद्दाम नोंदवलंय. उलट, तूही कपडे काढ, म्हणून त्या मागे लागल्या. शेवटी तिनं वरचं वस्त्र उघडून आतलं आवळलेलं कॉर्सेट दाखवलं. ते पाहून त्या बायकांची समजूत झाली, की नवऱ्यानंच हिला या यंत्रात कुलूप लावून ठेवलंय!

सगळ्या पत्रात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. पाहायला आलेली तीच पाहिली गेली, आणि बंदिवान कोण याचा निवाडा हमामातल्या बायकांनी करून टाकला. अँग्रच्या वर्तुळात हा प्रसंग नाही. कॉर्सेट नाही, लेडी मेरी नाही, तिच्याकडे टकमक बघणाऱ्या बायकाही नाहीत.

त्याऐवजी काय आहे? समोरच पाठमोरी बसून तंतुवाद्य छेडणारी बाई. ती तुर्की नव्हेच. १८०८ मध्ये त्यानं रंगवलेली स्नान करणारी बाई त्यानं इथे पुन्हा आणून बसवली आणि हातात वाद्य दिलं. चोपन्न वर्षं बिचारी पाठ फिरवून बसलीय. बाकीच्याही बऱ्याचशा त्याच्या जुन्या रेखाटनांतून उठून आलेल्या. पूर्वेचं चित्र म्हणून जे टांगलंय, ते पॅरिसच्या एका म्हाताऱ्याचं बाड आहे. रेषा मात्र काय आहे हो! ती नाकारून मला प्राच्यवाद, म्हणजे पूर्वेकडे पाहण्याची पाश्चात्त्य नजर, शिकवता येत नाही.

आणि पाहणारी पश्चिम, पाहिली जाणारी पूर्व, असा सरळ हिशेब करणाऱ्यांसाठी दोन अडचणी. लेडी मेरीनंच लिहिलंय, की एक ओळखीचा चित्रकार अदृश्य होऊन इथे येता तर किती बरं झालं असतं! अँग्रनं ते आमंत्रण जवळजवळ दीडशे वर्षांनी स्वीकारलं, इतकंच. दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. चित्र आधी चौकोनी होतं. प्रिन्स नेपोलियनच्या पत्नीला ते घरात नको झालं, परत आलं, अँग्रनं ते गोल केलं. पुढे ते घेतलं खलील बे यांनी, म्हणजे खुद्द ऑटोमन मुत्सद्द्यानं. एडवर्ड सैद यांचा प्राच्यवादावरचा १९७८ चा ग्रंथ तुम्ही वाचला आहे. तो वाचताना हे खलील बे मला कोपऱ्यात बसलेले दिसतात.

प्रत्यक्ष गेलेल्यांचं काय? चित्रकार देलाक्रुआ १८३२ मध्ये अल्जियर्सला खरोखर गेला, पण फ्रान्सनं ते शहर दोनच वर्षांपूर्वी जिंकलं होतं. आँरिएत ब्राऊन या चित्रकर्तीनं १८६१ च्या पॅरिस प्रदर्शनात कॉन्स्टँटिनोपलचा जनानखाना मांडला : अंगभर कपड्यांतल्या बायका, आणि घरी पाहुणी आलेली. ते चित्र आज कितीजणांना आठवतं?

आता घरचं. १९२० मध्ये मुंबईत तारापोरवालांनी ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक काढलं. मजकूर ओटो रॉथफेल्ड या आयसीएस अधिकाऱ्याचा, चित्रं जे. जे. स्कूलच्या आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांची. साहेबाला हव्या असलेल्या हिंदी स्त्रियांच्या नमुन्यांची मांडणी, पण हात मराठी. धुरंधरांना या बायका परक्या नव्हत्या. त्यांतल्या कित्येक रोज रस्त्यात दिसणाऱ्या. चित्रं सुरेख आहेत.

हे पुस्तक मी दरवर्षी वर्गात दाखवायचो. लेडी मेरीचा तास झाल्यावर एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, धुरंधर कागद घेऊन समोर बसले तेव्हा या बायका आपापसांत काय बोलल्या असतील?”

मला उत्तर आलं नाही. तास संपल्याची घंटा झाली.