परदेशी विद्यार्थी आणि आपली घरे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



विद्यापीठातर्फे येणारे परदेशी विद्यार्थी घरी उतरवून घ्यावेत काय, असे काही पालक विचारतात. पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एक मुलगी खिडकीतून आत काही देताना पाहिली. संशय आला; चौकशी केली. आत कावीळ झालेला मॉरिशसचा विद्यार्थी होता, मुलगी त्याला जेवण देत होती. परमुलखातल्या मुलांचे हाल त्यांना उमगले आणि १९७१ साली ‘सिंबायोसिस’ निघाली.

आपल्या किनाऱ्याला तर परके नवे नाहीत. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणातले. त्यांचे राज्य १९४८ पर्यंत होते.

तेव्हा पाहुण्यांसाठी पाव-जॅमची धावपळ नको. तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण वाढा. तिखट मात्र बेताने, आणि काटा कसा काढायचा ते दाखवा. मुलींना आतल्या खोलीत बसवू नका. वडीलधारी समोर असताना संकोच कसला? इंग्रजी बोलण्याचा सराव त्यांनाही हवा, किंबहुना मुलांपेक्षा अधिक. मुले निदान मुंबईला तरी जातात.

नावे नोंदवायची वही कार्यालयात ठेवली आहे.