पदार्थपरीक्षा : लेझर-खोदकामाचे पहिले कर्तव्य



या परिषदेचे अध्यक्षपद मजकडे सोपवून आपण जो लोभ व्यक्त केलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. खोदकामासाठी पदार्थाची निवड कशी करावी, या आपल्या कारखान्यांतून काहीशा उपेक्षित राहिलेल्या विषयाचा विचार आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर-किरण सिद्ध केला. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, बारामतीस जन्मलेल्या व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर निर्माण केला. आज आपल्यापैकी बहुतेकांची उपजीविका ज्या यंत्रावर चालते, त्याचा उगम त्या संशोधनात आहे. मात्र छिन्नी चालविणाऱ्या कारागिराला लाकडाचा वा दगडाचा स्वभाव हाताला लागणाऱ्या विरोधावरून तत्क्षणी कळत असे; किरणाला स्पर्शच नसल्यामुळे ते ज्ञान आपणांस काम आरंभण्यापूर्वीच संपादन करावे लागते.

वायूच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असून ती लाकूड, चामडे, ॲक्रिलिक व काच यांत सहज शोषली जाते, परंतु उघड्या धातूवरून बहुतांशी परावर्तित होते; धातूसाठी सुमारे १.०६ मायक्रॉनचा फायबर लेझरच योग्य, आणि तो पारदर्शक ॲक्रिलिकमधून मात्र काही न कोरता आरपार निघून जातो. लाकडांत हेदूसारखे बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड सूक्ष्म अक्षरांना अनुकूल असते. उलट पाइनच्या वर्तुळांतील मृदु व कठीण थर निरनिराळ्या खोलीपर्यंत जळत असल्याने अक्षर विषम उमटते. ॲक्रिलिक घेताना तर केवळ रंग व जाडी पाहून भागत नाही. साच्यात ओतून घडविलेल्या तक्त्यावर शुभ्र, दुधी अक्षर उठते. यंत्रातून दाबून काढलेला तक्ता लवकर वितळतो व त्यावरील खोदकाम फिके राहते, मग सन्मानचिन्हावरचे नाव वाचण्यासाठी ते उजेडात तिरपे धरावे लागते.

याहून गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले, कोल्हापुरी वहाणांना वापरतात त्या जातीचे चामडे किरणाखाली स्वच्छ तपकिरी अक्षर देते. क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या धुरात मात्र क्रोमियमची घातक संयुगे उत्पन्न होण्याचा धोका असतो. ज्या कृत्रिम चामड्याला बाजारात सर्रास रेक्झिन म्हणतात, ते पुष्कळदा पीव्हीसीचे असते. आणि पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असल्यामुळे, तो जळताच निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू कारागिराची फुप्फुसे पोळतो, शिवाय दमट हवेत त्याचे आम्ल होऊन यंत्राचे आरसे, भिंगे व लोखंडी पट्ट्या गंजवितो. शंका आल्यास तांब्याची तार ज्योतीत लाल तापवून नमुन्याला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर तो माल क्लोरीनयुक्त समजून यंत्रापासून दूर ठेवावा. ही परीक्षा मोकळ्या हवेत, अगदी लहान तुकड्यावर करावी, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

गिऱ्हाइकाने आणलेला माल परत पाठविताना मनाला संकोच वाटतो, हे मी जाणतो. तरीही यंत्रावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या, बहुधा तरुण व अल्पवेतनी, कामगाराच्या श्वासाची जबाबदारी मालकाची आहे. कोणत्याही मागणीची रक्कम त्या जबाबदारीतून त्याला मुक्त करू शकत नाही, असे माझे दृढ मत आहे.

म्हणून मी दोन सूचना करतो. प्रत्येक कारखान्याने नमुन्यांचे दप्तर ठेवावे, आणि त्यात प्रत्येक पदार्थाचा तुकडा, त्यासाठी वापरलेली शक्ती व वेग आणि मिळालेला परिणाम यांची तपशीलवार नोंद करावी, म्हणजे एका कारागिराचा अनुभव त्याच्याबरोबर निघून न जाता पुढच्याच्या कामी येईल. दुसरे असे की, मालाचे घटक लेखी कळविल्याखेरीज व्यापाऱ्याकडून तो स्वीकारू नये, आणि अज्ञात पदार्थ यंत्रावर चढविण्यास नकार देण्याचा कामगाराचा अधिकार सर्वांनी मान्य करावा. या दोन्ही सूचना परिषदेने ठरावरूपाने संमत कराव्यात, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.