नव्या ध्वनिमुद्रिका आणि आपले कान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून नाट्यसंगीत, भावगीत वा अभंगवाणी यांविषयी बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. सोल, फंक, जाझ, हाउस आणि इलेक्ट्रॉनिक या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रिकांचा आपल्या घरांशी काय संबंध, असा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न इथे मांडण्यास कारणही तसेच आहे. बेंगळुरात वाढणारी आपली मुले हे संगीत ऐकतात. दार लावून, कानांवर हेडफोन चढवून, एकेकटी ऐकतात. गणेशोत्सवात ती आरतीला उभी राहतात, प्रसाद घेतात आणि कार्यक्रमाची घंटा होताच निघून जातात. जे त्यांना मनापासून आवडते, त्याविषयी ती घरात बोलत नाहीत. बोललीच तर इंग्रजीत बोलतात. आम्हांस चिंता वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची. मराठी ही केवळ आठवणींची आणि सणावारांची भाषा होऊन बसली, तर मंडळाने आणखी पन्नास वर्षे कोणासाठी काढावयाची?

वास्तविक, या संगीताविषयी बोलण्यास लागणारे शब्द आपल्यापाशी केव्हाचेच आहेत. जाझचा उदय विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. त्यातील वादक एक धून घेऊन तिच्यावर तत्क्षणी नवी रचना करीत जातो. उपज म्हणजे काय हे जाणणाऱ्यास ते नवे नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनाची आर्तता लौकिक गीतांत उतरली, तेव्हा सोल संगीत जन्मास आले. जेम्स ब्राउन यांनी १९६०च्या दशकात आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा भार टाकून फंक घडविला. समेवर दाद देणाऱ्या श्रोत्यास त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. १९८०च्या दशकात शिकागोच्या नृत्यगृहांत तालयंत्राच्या चार समान ठोक्यांवर हाउस उभा राहिला. त्याची लय अखंड चालते आणि वरचे स्वर सावकाश बदलत जातात.

परके वाद्य आपलेसे करण्याचाही आपणांस सराव आहे. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. तरीही मराठी रंगभूमीवरून आणि भजनी मंडळांतून पेटी हलली नाही. आज तिला विलायती म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पुणतांब्यास जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट या गोमंतकीय जाझवादकाचा ट्रंपेट वाजविला, आणि त्या ठेक्यावर भगवानदादांसह सारा गिरणगाव नाचला.

नवी ध्वनिमुद्रिका वेळीच ऐकली गेली नाही, तर काय होते, याचेही उदाहरण मुंबईचेच आहे. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून मुद्रित केले. त्यांतील एक यंत्र, ‘टीबी-३०३’, गिटारवादकास सरावासाठी साथ मिळावी म्हणून बनविलेले होते. ते बाजारात चालले नाही, म्हणून काही वर्षांतच बंद पडले आणि जुन्या बाजारातून स्वस्तात शिकागोच्या तरुणांच्या हाती गेले. तेथे १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका निघाली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा संगीतप्रकार जगभर गाजला. तसाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी उमटला होता. पण सिंगांच्या तबकडीला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. २०१० साली हॉलंडमधील एका संस्थेने ती पुन्हा काढली, तेव्हा तिचे कौतुक झाले. २०१५ साली सिंग निवर्तले. कलावंताच्या हयातीत कौतुक झाले हे भाग्यच. परंतु ते अठ्ठावीस वर्षांनी आणि परदेशातून यावे लागले.

याउलट एका घराची कथा आहे. ठुमरीगायिका शोभा गुर्टू १९२५ साली बेळगावात जन्मल्या. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे माहेर वा आजोळ त्याच मातीतले असेल. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. अशा घरात १९५१ साली जन्मलेले त्रिलोक गुर्टू तबला शिकले आणि पुढे जाझकडे वळून युरोपात गेले. जमिनीवर गुडघे टेकून ते ड्रम वाजवितात. झांजा आणि शिंपले पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचे नाद काढतात. १९८८ साली त्यांची ‘उसफ्रेट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यातील पहिल्याच रचनेचे नाव ‘शोभारॉक’, आणि तिच्यात गातात त्या त्यांच्या मातोश्री. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्या मुलाच्या संगीतात आपल्या स्वरानिशी गेल्या. आपली गायकी त्यांनी टाकली नाही, आणि मुलानेही आपला ताल सौम्य केला नाही. १९९३ सालच्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये त्या पुन्हा गायल्या. २००४ साली त्या निवर्तल्या; त्याच वर्षी त्रिलोक यांनी रॉबर्ट माइल्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकारासमवेत एक मुद्रिका काढली.

आपले बेंगळूरही या प्रवासात मागे नव्हते. येथील कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ही संस्था १९६४ सालची. तिचे टी. ए. एस. मणी आणि गायिका आर. ए. रमामणी यांनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्यासह केलेली ‘ज्योती’ ही मुद्रिका १९८३ साली जर्मनीत प्रसिद्ध झाली. याच मारियानोंबरोबर त्रिलोक गुर्टूही १९७०च्या दशकात वाजवीत असत.

आजचा ओघही आटलेला नाही. सारथी कोरवार यांच्या २०२२ सालच्या ‘कलक’मध्ये ढोलताशांच्या पिढीला ओळखीचे वाटावे असे तालांचे थर इलेक्ट्रॉनिक नादांशी गुंफले आहेत. त्या नावामागे हिंदीतला ‘कल’ शब्द आहे. गेलेला दिवसही तोच आणि येणारा दिवसही तोच. ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची ‘धिस मोमेंट’ ही मुद्रिका २०२३ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तिच्यात गाणारे शंकर महादेवन हे श्रीनिवास खळे यांचे शिष्य, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता आमची एक नम्र सूचना. २०१५ सालापासून जगभर नव्या ध्वनिमुद्रिका साधारणतः शुक्रवारी प्रसिद्ध होतात. महिन्यातील एका शुक्रवारी मंडळाच्या सभागृहात तासभर श्रवणबैठक व्हावी. अर्धा तास तरुणांच्या निवडीचा, अर्धा ज्येष्ठांच्या. नियम दोनच असावेत. रचना पूर्ण ऐकल्यावाचून कोणी मत देऊ नये. आणि ज्याने ती निवडली, त्याने ती का आवडली हे पाच मिनिटे मराठीत सांगावे. व्याकरण चुकले तरी कोणी टोकू नये. लय, ठेका, सम, मुखडा, तिहाई हे शब्द आजोबांनी नातवास द्यावेत. नातवाने आजोबांस नवे नाद द्यावेत. ज्या गोष्टीवर मुलाचे प्रेम आहे, ती त्याला मराठीत सांगता आली, म्हणजे त्या भाषेचे त्याच्या आयुष्यात काम उरले.

पहिल्या बैठकीसाठी ‘शोभारॉक’ची निवड आम्ही आजच सुचवून ठेवतो. मंडळास शतकमहोत्सवाच्या शुभेच्छा देऊन आम्ही आपली रजा घेतो.